बोलपाटी कोणाची?

१

गाद्यांच्या दुकानाला आग लागली होती. दुकानदार सांगत होता त्याच्या निम्माही माल आत नव्हता, हे तिला राखेकडे बघूनच कळलं होतं. विमा कंपनीची सर्वेअर म्हणून तिचं सगळं आयुष्य असल्याच जळक्या, बुडक्या, पडक्या जागांमध्ये चाललं होतं. ती वाकून कापसाचा एक काळा गोळा चिमटीत उचलत होती, तेवढ्यात फोन वाजला.

वकील होता. "मॅडम, सगळं गेलं."

"नुकसान केवढं?" तिनं सवयीनं विचारलं.

"अहो, थट्टा नाही करत. बोलपाटीचं इंटरनेटवरचं सामायिक कपाट कोणीतरी साफ केलंय. एकूण एक संमतिपत्रं गायब. वर्षभर मरमर मेलो. रविवारी मतदान आहे आणि माझ्या हातात काय आहे? शंख!"

तिच्या हातून गोळा पडला.

बोलपाटी म्हणजे तिचं दुसरं घर होतं. ज्याला कमी ऐकू येतं त्यानं फोन समोर धरायचा आणि समोरचा माणूस बोलेल ते पडद्यावर अक्षरांत उमटायचं, एवढंच ते सॉफ्टवेअर. पण ते फुकट होतं आणि त्याला मालक नव्हता. कुठकुठली मंडळी आपापल्या नोकऱ्या सांभाळून ते लिहीत, दुरुस्त करत आणि त्यावरून एकमेकांशी कडाकडा भांडत. कोड सगळ्यांना खुला. ज्याला हवा त्यानं घ्यावा, ज्याला जमेल त्यानं सुधारावा. तिला स्वतःला कोड लिहिता येत नसे. लोकांच्या तक्रारी वाचायच्या, कुठली खरी, कुठली उगाचची ते ठरवायचं आणि योग्य माणसाकडे धाडायची, हे तिचं काम. म्हणून तिथं तिचं नाव पडलं होतं 'पंचनामा'.

हे नाव ठेवलं होतं मूळपुरुषानं. बोलपाटीची पहिली ओळ ज्यानं लिहिली त्याला सगळे गमतीनं मूळपुरुष म्हणत. तसा होता चाळिशीचाच. दूरच्या एका गावात राहायचा. माणूसघाणा, तोंडानं फटकळ, आणि कोड लिहायला बसला की कोणी हात धरू नये असा.

संस्थेचा विषय निघाला तो एका रुग्णालयामुळे. त्यांना आपल्या प्रत्येक खिडकीवर बोलपाटी बसवायची होती. त्यांनी साधंच विचारलं, करार कोणाशी करायचा? सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. बोलपाटीचं नाव, तिचा इंटरनेटवरचा पत्ता, लोकांच्या फोनपर्यंत ती पोचवणारं खातं, सगळं मूळपुरुषाच्या एकट्याच्या नावावर. कायद्याच्या लेखी बोलपाटी नावाचं काही नव्हतंच. मग रीतसर संस्था नोंदवायची की आहे तसंच चालू द्यायचं, यावर वर्षभर रणं माजली. ज्यानं कधीकाळी चार ओळी लिहिल्या असतील त्यालाही हुडकून काढून वकिलानं त्याची संमती घेतली. आणि आता ती सगळी संमतिपत्रं नाहीशी झाली होती.

"किल्ली कोणाकोणाकडे आहे?" तिनं विचारलं.

"चौघांकडे. मी, दाढी, कंपनीवाला आणि मूळपुरुष. आणि किल्ली चौघांत एकच. त्यामुळे कोणी उघडलं ते नोंदीत दिसत नाही." वकिलानं उसासा टाकला. "तुमच्याकडे किल्ली नाही, मॅडम. म्हणजे ज्यांच्यावर संशय घेता येत नाही अशा तुम्हीच काय त्या उरलात. आमच्यातला चोर तुम्हीच शोधा."

२

कोर्टाच्या आवारातल्या उपाहारगृहात वकील तिची वाट बघत बसला होता. समोरचा चहा थंड होऊन त्यावर साय धरली होती.

"संस्थेचा मसुदा मीच लिहिला, मीच कशाला पुसू?" ती काही विचारायच्या आतच तो म्हणाला.

"मी कुठं म्हटलं?"

"तुमचे डोळे म्हणताहेत. तुम्ही विमावाले लोक असंच बघता."

ती हसली. पण तिच्या मनात खरंच आलं होतं. आपलंच दुकान पेटवणारी माणसं तिनं कमी पाहिली नव्हती. मात्र वकिलाला पेटवून काही मिळण्यासारखं नव्हतं. संस्था व्हावी म्हणून त्याच्याइतकं कोणी झिजलं नव्हतं.

"शेवटचं काय झालं होतं? कपाट साफ व्हायच्या आधी?"

"विशेष काही नाही. मी मूळपुरुषाला पुढची पायरी कळवली. मतदान झालं की नाव, पत्ता, खातं, सगळं संस्थेच्या नावे करायचं. त्यासाठी निबंधकाच्या कचेरीत जातीनं यायचं, ओळखपत्र दाखवायचं आणि त्यांच्यासमोर सही करायची."

"मग?"

वकिलानं फोन पुढे केला. मूळपुरुषाचं एका ओळीचं उत्तर होतं. 'प्रत्यक्ष यावेच लागेल का?'

"लागेल म्हटलं. पुढे काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट रिकामं. पण त्यानंच तर वर्षभर कशालाच आडकाठी केली नाही, मॅडम! शिवाय तो घराबाहेर पडायला काचकूच करतो हे काय आपल्याला नवीन आहे?"

नवीन नव्हतं. इतक्या वर्षांत मूळपुरुष एकदाच सगळ्यांना भेटला होता, एका वाचनालयाच्या दालनात भरलेल्या मेळाव्यात. दिवसभर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होता आणि निघताना तिला म्हणाला होता, "पंचनामा, तू लिहितेस त्यापेक्षा बोलतेस कमी. बरंय." एवढ्यावर तिचे पुढचे कित्येक दिवस छान गेले होते.

संध्याकाळी घरी येऊन तिनं त्या रिकाम्या कपाटात डोकावून बघितलं. चोरी बघायची तर काय गेलं यापेक्षा काय राहिलं ते आधी बघावं, असा तिचा शिरस्ता होता. संमतिपत्रं गेली होती. मसुदा गेला होता. चर्चेची टिपणं गेली होती. पण त्याच ढिगात अस्ताव्यस्त पडलेले मेळाव्याचे फोटो मात्र जागेवर होते.

नाही, जागेवर नव्हते. पुसणाऱ्यानं ते फोटो एकेक करून वेचून काढले होते, त्यांच्यासाठी वेगळा कप्पा केला होता आणि त्यावर नीट नाव घातलं होतं, 'छायाचित्रे'.

घर लुटणाऱ्यानं जाताना भिंतीवरचे फोटो पुसून सरळ लावून ठेवावेत, तसं काहीतरी ते होतं.

३

दाढीचं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान होतं. टेबलावर एका प्रिंटरची आतडी बाहेर काढून ठेवलेली, आणि दाढीच्या दाढीला शाई.

"माझ्यावर आळ येणार हे ठाऊकच होतं," तो स्क्रू ड्रायव्हर न थांबवता म्हणाला. "मी विरोधक ना! हो, आहे मी विरोधात. संस्था झाली की अध्यक्ष येतो. अध्यक्ष आला की त्याला खुर्ची लागते. मग खुर्चीवरून मारामाऱ्या. अरे, आपण चार वेडे मिळून एक चांगली गोष्ट करतोय, तिला शिक्का कशाला हवा?"

"आणि उद्या मूळपुरुषाला काही झालं तर?"

"काय होतंय त्याला! धट्टाकट्टा आहे." दाढीनं प्रथमच मान वर केली. "पंचनामा, मी भांडतो ते तोंडावर भांडतो. रविवारी विरोधात मत देणार होतो, ते सगळ्यांदेखत. असली मागल्या दारानं चोरी माझ्याच्यानं होणार नाही."

तिला ते पटलं. शिवाय 'छायाचित्रे' हा शब्द दाढीनं उभ्या जन्मात लिहिला नसता. तो 'फोटू' लिहायचा, तेही कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ.

"मूळपुरुषाशी बोलणं होतं का?"

"होतं म्हणजे लिहिणं होतं. फोन उचलत नाही. माइक बिघडलाय म्हणतो. ज्यानं आवाज ओळखणारं यंत्र लिहिलं त्याला माइक दुरुस्त करायला सवड नाही, ऐक!" दाढी हसला, मग हसू विरलं. "एक सांगू? तो हल्ली फार गोड झालाय. पूर्वी मी काही पाठवलं की म्हणायचा, हे काय शिजवून ठेवलंयस. शिव्या खाऊन अंगावर मूठभर मांस चढायचं, कारण मागोमाग तो स्वतः बसून ते दुरुस्त करायचा. आता लिहितो, 'उत्तम झाले आहे. आभारी आहे.' आभारी! मला तर काळजीच वाटली."

पंचनामाला काळजी वाटली नव्हती. खरं सांगायचं तर तिला ते आवडलं होतं. अलीकडे मूळपुरुष तिच्याही कामाची विचारपूस करायचा. आज उन्हात फिरणं फार झालं का. जेवण वेळेवर झालं का. दिवसभर दुसऱ्यांची राख चिवडून रिकाम्या घरात परत येणाऱ्या बाईला असं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. हळूहळू तीही लिहायला लागली होती. मोडलेल्या लग्नाबद्दल, आईच्या आजारपणाबद्दल, कोणाला न सांगितलेलं बरंच काही. रविवारच्या मतदानाला तो येईल, या आशेवर तिनं एक वाक्य मनात कितीदा तरी जुळवून ठेवलं होतं. ते संस्थेबद्दल नव्हतं.

"आणि कोड?" तिनं विचारलं. "कोड कसा लिहितो हल्ली?"

दाढीचा हात थांबला. त्यानं आठवून बघितलं, पुन्हा आठवून बघितलं.

"पंचनामा," तो सावकाश म्हणाला, "त्यानं कित्येक महिन्यांत एक ओळही लिहिलेली नाही. मी बघून 'ठीक' म्हणतो, मग तो मंजूर करतो. फक्त मंजूर करतो."

४

उरला कंपनीवाला. तो एका मोठ्या उपकरणांच्या कंपनीत होता आणि त्याच्या कंपनीचा बोलपाटीच्या नावावर डोळा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका माणसाला पटवून नाव विकत घेणं सोपं, संस्थेला पटवणं कठीण. संस्था मोडून ज्याचं भलं व्हावं असा हा एकच माणूस.

कंपनीच्या काचेरी दर्शनी दालनात तो खाली मान घालून तिच्यासमोर बसला.

"ताई, विचारलं होतं मी मूळपुरुषाला. साहेबांनी विचारायला लावलं. त्यानं नाही म्हणून सांगितलं आणि आमच्या लोकांनी तो नाद सोडून दिला. मला तर सुटल्यासारखं झालं. मी कशाला पुसू? संस्था झाली तर माझ्यामागचं हे लचांड कायमचं जाईल."

"नाही म्हणाला, ते कसं? चिडून?"

"छे! फार सभ्यपणे. 'ही वस्तू विकण्याचा अधिकार मला नाही.' असं काहीतरी."

तिच्या कपाळाला आठी पडली. ज्याच्या एकट्याच्या नावावर सगळं आहे, तो म्हणतो, अधिकार मला नाही?

"अलीकडे त्याच्याकडून आणखी काय आलं तुझ्याकडे?"

"एक तक्रार आली होती. मला नवलच वाटलं, कारण तो तक्रारी करत नाही, सरळ दुरुस्त करतो. म्हणाला, दाराची घंटी वाजली की पाटीवर कळत नाही. मी ते काम केलं, घंटी झाली की पडदा उजळतो. त्यानं घरी लावून बघितलं. हे बघा."

फोनवर चार शब्द होते. 'घंटी आता दिसते. धन्यवाद.'

"छान लिहिलंय ना?" कंपनीवाला म्हणाला. "दिसते."

पंचनामा त्या शब्दाकडे बघत राहिली. मेळाव्यात दालनाच्या दुसऱ्या टोकाला कोणाचा फोन नुसता थरथरला तरी कपाळाला आठ्या घालणारा मूळपुरुष तिला आठवला. त्याचे कान तिखट होते. ज्याला घंटी ऐकू येते, तो लिहील 'चालतंय'. फार तर 'बरोबर आहे'. 'आता दिसते' हे त्यालाच सुचेल, ज्याला आजवर ती दिसतही नव्हती आणि ऐकूही येत नव्हती.

तिनं आपला फोन काढला आणि मूळपुरुषाचे तिला आलेले सगळे संदेश उलटे वाचायला लागली. आज उन्हात फिरणं फार झालं का. जेवण वेळेवर झालं का. आईची तब्येत आता कशी. औषध घेणं चुकवू नये.

वर्षानुवर्षं हा माणूस तिला 'तू' म्हणत आला होता. गेल्या काही महिन्यांतल्या एकाही ओळीत 'तू' नव्हतं. 'तुम्ही'ही नव्हतं. प्रत्येक वाक्य जपून असं बांधलं होतं की दोन्हींपैकी काहीच यायला नको. ज्याला 'तू' म्हणायला जीभ रेटत नव्हती आणि 'तुम्ही' म्हटलं तर उघडा पडण्याचं भय होतं, अशा कोणीतरी.

विम्याच्या दाव्यात जबाब फार नेटका आला की ती पहिल्यांदा हेच विचारायची, हा लिहिला कोणी?

ती उठली. वकिलाकडे मूळपुरुषाचा घरचा पत्ता होता.

५

बस सुटली तेव्हा ऊन होतं, पोचली तेव्हा दुपार कलली होती. दोन मजली साधं घर, खाली शिंप्याचं दुकान. वरच्या दारापाशी उभी राहून तिनं घंटी दाबली. खिडकीच्या काचेतून आत एक उजेड लुकलुकला.

दार एका म्हाताऱ्या माणसानं उघडलं. अंगात इस्त्रीचा सदरा, छातीवर पट्ट्यानं अडकवलेला टॅबलेट, त्यावर बोलपाटी चालू.

"मूळपुरुष आहेत का घरी?" तिनं विचारलं आणि आपलेच शब्द त्या पडद्यावर उमटताना बघितले. म्हाताऱ्यानं ते वाचले. मग तिच्याकडे बघितलं. ज्याला आपलाच आवाज ऐकू येत नाही तो माणूस बोलतो तसं जरा मोठ्यानं, एका सुरात तो म्हणाला,

"तुम्ही पंचनामाबाई. आत या."

आत सगळं लखलखीत होतं. एक टेबल, त्यावर संगणक, पुढे दोन खुर्च्या. एक मऊ, चाकांची, रिकामी. दुसरी स्वयंपाकघरातली लाकडी, उशी ठेवलेली. संगणकापुढे ती लाकडी होती. चाकांची खुर्ची शेजारी सरकवून ठेवली होती, कोणी आत्ता येऊन बसणार असल्यासारखी.

"काका, कधी गेला तो?" तिनं विचारलं. आवाज निघेना. पडद्यावर काही उमटलं नाही, तिला पुन्हा म्हणावं लागलं.

"हिवाळ्यात." म्हातारा लाकडी खुर्चीवर बसला. "साधा ताप. मग तो डोक्यात गेला. मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो, बाई. यंत्रांच्या शेजारी जन्म गेला, कान तिथंच राहिले. त्याची आई गेल्यावर घरात बोलणारं कोणी नाही आणि ऐकणाराही नाही, म्हणून त्यानं ही पाटी केली. माझ्यासाठी. तुम्ही लोक मागाहून आलात."

तिनं चाकांच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

"रुग्णालयात हीच पाटी गळ्यात होती. डॉक्टर बाहेर आले, काहीतरी बोलले. पाटीवर उमटलं, 'ते गेले.' पाटीवर आवाज नसतो ना. नुसती अक्षरं. मी विचारलं, कुठे गेले?" म्हाताऱ्यानं सदऱ्याची बाही उगाच सारखी केली. "डॉक्टरांनी मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा वाचता आलं."

खाली शिंप्याचं यंत्र चाललं असावं. पाटीवर 'खडखड' असं उमटलं आणि पुसलं गेलं.

"घरी आलो तर संगणक चालूच होता. तुम्हा लोकांचे निरोप येत होते. वाटलं, सांगून टाकावं. मी वाक्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. जन्मभर लोकांची वाक्यं सुधारली, पण ते एक वाक्य मला नीट लिहिता येईना. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, 'अरे, आहेस ना? घाबरलो आम्ही.'"

"दाढीनं," ती म्हणाली.

"मी लिहिलं, 'आहे.' एवढंच. पलीकडून सगळे हसले, शिव्या दिल्या, त्याला नावानं हाक मारली. बाई, आख्ख्या जगात तेवढी एकच जागा उरली होती जिथं माझा मुलगा आहे असं माणसं समजत होती. तुम्ही असतात तर बंद केली असतीत?"

तिच्या डोळ्यांना धार लागली. तिनं ती पुसलीही नाही.

"मग वकील म्हणाले, जातीनं या. जिवंत माणूसच सही करू शकतो. मला तो दिवस पुढे ढकलायचा होता, बाकी काही नाही. पण लोकांनी विश्वासानं दिलेले कागद मी पुसले. ते वाईट केलं."

"फोटो ठेवलेत तेवढे."

"त्यात तो हसतोय एका ठिकाणी. मी त्याला घरी हसताना फारसं पाहिलं नव्हतं."

मग तिनं विचारलंच. "काका, ते मला उन्हाचं, जेवणाचं विचारणं… ते तुम्हीच ना?"

"तो विचारत नसे का?"

"नाही. तो म्हणायचा, पंचनामा, उन्हात मरू नकोस, तुझ्या तक्रारी कोण वाचेल."

म्हातारा हसला. हसता हसता त्याचा चेहरा चुरगळला. "म्हणजे मी त्याला पार बिघडवलंच म्हणायचं."

"घरी कधी माझ्याबद्दल काही बोलला होता तो?"

त्यानं पाटीवरचा प्रश्न वाचला, तिच्याकडे बघितलं आणि त्याला सगळं समजलं.

"खोटं सांगू शकेन, बाई. आता त्यात माझा हात बसलाय. पण नाही. घरी तो कोणाबद्दलच बोलत नसे."

तिनं मान डोलावली. खोटं ऐकायची आपल्याला किती घाई झाली होती, हे तिला त्या क्षणी कळलं.

मग ती सर्वेअर झाली, कारण दुसरं काही होणं तिला झेपणारं नव्हतं. तिनं त्याला समजेल असं सावकाश सांगितलं. कायद्याच्या नजरेत बोलपाटी म्हणजे तुमच्या मुलाचा चष्मा, त्याचे सदरे, तशीच त्याची एक खासगी वस्तू. तो गेला त्या दिवशी ती तुमची झाली, तुम्हाला हवी असो वा नसो. इंटरनेटवरचा पत्ता त्याच्या नावावर आहे, त्याची मुदत संपत आली की नूतनीकरणाला कोणीतरी ओळख मागेल. खातं ज्या कंपन्यांकडे आहे त्यांना कळलं की खातेदार नाही, तर त्या ते गोठवतील. मग बोलपाटी फोनवर पोचणार नाही. कोणाच्याच.

"उद्या तुम्हालाही काही झालं, काका, तर मागे विचारायलाही कोणी नाही. माणूस जातो. संस्था नोंदवली की तिला तसं जाणं नसतं, म्हणून लोक ती काढतात. बाकी सगळी कटकटच असते, दाढी म्हणतो ते खोटं नाही."

"संस्था झाली की त्याची गरज संपली," म्हातारा म्हणाला.

"हो," ती म्हणाली. तिनंही खोटं सांगितलं नाही.

निघताना तिनं सांगितलं, की मी कोणाला काही बोलणार नाही, रविवारपर्यंत तर नाहीच. सांगायचं तर तुम्हीच सांगा. जिन्यात ती कठड्याला धरून बसली. वर तो ऐकू शकत नव्हता, त्यामुळे तिला मोठ्यानं रडता आलं.

६

रविवारी वाचनालयाच्या दालनात नेहमीपेक्षा गर्दी होती. दूरची मंडळी पडद्यावर आली होती. वकील कपाळाला हात लावून बसला होता. आणि इस्त्रीचा सदरा घातलेला एक म्हातारा, छातीवर टॅबलेट, पंचनामाच्या शेजारून उठून पुढे गेला.

"मी मूळपुरुषाचा बाप," तो मोठ्या, एका सुरातल्या आवाजात म्हणाला. "माझा मुलगा हिवाळ्यात वारला. त्यानंतर तुमच्याशी मी बोलत होतो. कागदही मीच पुसले. ज्यांचे पुसले त्या प्रत्येकाला मी स्वतः लिहून संमती पुन्हा मागेन. माझ्या नावानं. वारस म्हणून माझा संस्थेला होकार आहे."

पडद्यावरच्या एका चौकटीतल्या बाईनं तोंडावर हात धरला. कंपनीवाला उठून पाण्याचा पेला घेऊन पुढे गेला आणि तो कोणाला द्यायचा तेच न कळून तसाच उभा राहिला.

दाढी शेवटच्या रांगेत होता. "मी म्हटलं होतं, धट्टाकट्टा आहे," तो स्वतःशीच म्हणाला. मग उठला. "मी संस्थेच्या विरोधात होतो. अजूनही आहे. पण माझं नाव होकारात लिहा." तो जाऊन म्हाताऱ्यासमोर उभा राहिला आणि अक्षरं उमटतील म्हणून तोंड पाटीजवळ नेऊन म्हणाला, "काका, मी तुम्हाला फार शिव्या दिल्या हो."

"सगळ्या वाचल्या," म्हातारा म्हणाला. "त्यातल्या बऱ्याच अशुद्ध होत्या."

संमतिपत्रं परत गोळा व्हायला पावसाळा संपावा लागला. म्हाताऱ्यानं शब्द पाळला. निबंधकाच्या कचेरीत त्यानं ठसठशीत सही केली आणि बोलपाटी कायद्याच्या लेखी अस्तित्वात आली. नव्या संस्थेचा पहिला नियम पंचनामानंच सुचवला होता. गेलेल्या सभासदाचं खातं कोणी वापरायचं नाही, ते बंद व्हावं. तो मंजूर झाला तेव्हा हात वर करणाऱ्यांत म्हाताराही होता.

खातं बंद करायच्या दिवशी ती मुद्दाम त्या गावी गेली. म्हातारा लाकडी खुर्चीवर, ती बाजूला उभी. चाकांच्या खुर्चीत दोघांपैकी कोणीच बसलं नाही.

"बंद करण्याआधी एक दुरुस्ती करायची आहे," तो म्हणाला. "त्याचं आणि माझं मिसळून गेलंय. पुढे कोणी वाचलं तर त्याला वाटेल, हा असा मिळमिळीत होता."

दोघांनी मिळून एकेका संभाषणात सांधा शोधला. जिथं फटकळ ओळी संपून सभ्य ओळी सुरू होत, तिथं तो एक ओळ घालत गेला. 'येथून पुढचे शब्द त्याचे नाहीत, त्याच्या वडिलांचे आहेत.' दाढीच्या संभाषणात, वकिलाच्या, कंपनीवाल्याच्या. सर्वांत शेवटी तिच्या.

तिथली ओळ एकट्यानं घालून म्हातारा उठला. "हे तुम्ही बघा," म्हणाला आणि स्वयंपाकघरात निघून गेला.

ती लाकडी खुर्चीवर बसली. ओळी वर सरकवत सांध्यापाशी आली. त्यानं तिला लिहिलेलं शेवटचं खरं वाक्य कुठलं, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. ते समोर होतं.

'पंचनामा, खोकला आला की पाटीवर "हो" उमटतं, ती तक्रार तू बंद केलीस? सुटलेली नाही ती. परत उघड, आळशी.'

खाली तिचं उत्तर होतं. 'उद्या बघते.'

त्याच्याखाली म्हाताऱ्याची ओळ आणि मग उन्हाची, जेवणाची चौकशी.

तिनं त्याचं वाक्य पुन्हा वाचलं. त्यात काही नव्हतं. एक तक्रार, एक हुकूम, एक 'तू'. मग तिनं आपल्या फोनवर ती जुनी तक्रार शोधून काढली आणि परत उघडली.